खटखट मावशींचं टेबल

गल्लीत त्यांना सगळे खटखट मावशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही त्यात वावगं वाटत नसे. बत्तीस वर्षं त्यांच्या खिडकीतून तो आवाज येत होता. आधी लोखंडी टाइपरायटरचा, मग संगणकाचा, आणि आता लॅपटॉपचा. यंत्रं हलकी होत गेली, मावशींची बोटं मात्र टाइपरायटरवरच राहिली. प्रत्येक अक्षर खालच्या तीन कार्बन कागदांवर उमटायला हवं, अशा इमानाने त्या कळ दाबत. कोणी हसलं तर म्हणत, "हात शिकला तसा शिकला. आता त्याला कुठे नव्याने शाळेत घालू?"

वकिलांचे अर्ज, प्रबंध, एका निवृत्त प्राध्यापकांचं न संपणारं आत्मचरित्र, सगळं त्या जेवणाच्या टेबलावर बसून टाइप करत. गुरुवारी त्यांचा तिसरा लॅपटॉप मोडला. आधीच्या दोघांसारखाच, डाव्या बिजागरीपाशी. पडद्याने मान टाकली. मावशींनी मागे शब्दकोश उभा करून ती सावरली, पण तासाभरात पडदा काळा झाला तो झालाच. नेमकं तेव्हाच अकरा वर्षांपासून गिऱ्हाईक असलेल्या वकीलसाहेबांचं काम अर्धं झालं होतं. फोनवर ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, सोमवारी सकाळी कागद हातात हवेत. नाहीतर नाइलाजाने मला नाक्यावरच्या टायपिंग सेंटरमध्ये द्यावं लागेल. आणि एकदा तिकडे गेलं की मग तिकडेच." वकीलसाहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी मुलगा त्यांना दुकानात घेऊन गेला. एकाच कंपनीचं दुकान, काचेसारखं स्वच्छ. डावीकडच्या टेबलावर रुपेरी, गुलाबी, आकाशी लॅपटॉप लग्नाला निघाल्यासारखे नटून बसलेले. उजवीकडे काळे, जाडसर, तोंड पाडून बसलेले. विक्रेता हसतमुख होता. त्याने विचारलं, "घरासाठी की ऑफिससाठी?"

"घरासाठी," मुलगा म्हणाला.

"कामासाठी," मावशी म्हणाल्या. दोघं एकाच वेळी.

विक्रेत्याने मुलाकडे पाहिलं. तिथेच मावशींचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

"आई काम करते, पण घरी बसून करते," मुलाने उलगडून सांगितलं. "आधीचे तीनही घरगुतीच होते. वजनाला हलके, दिसायला बरे."

"आणि तीनही मोडले," मावशी म्हणाल्या. "ते सांग ना त्यांना."

विक्रेत्याने आपलं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. घरगुती रांगेत चकचकीत पडदा, चांगला आवाज, सिनेमे बघायला सुरेख. ऑफिसच्या रांगेत कॅमेऱ्याला झाकण, बोटाच्या ठशाचं कुलूप, तीन वर्षांची वॉरंटी, तीही जागेवर येऊन दुरुस्तीची. मावशी ऐकत होत्या, पण आपलं वाक्य कधी येणार ते ठाऊक असलेल्या नाटकातल्या पात्रासारख्या. भाषण संपलं, आणि त्या डाव्या टेबलापाशी जाऊन टाइप करू लागल्या.

दुकानातली माणसं वळून बघू लागली. आकाशी लॅपटॉप प्रत्येक कळीबरोबर मधोमध खचत होता.

"काकू, जरा हळू."

"वकीलसाहेबांची घाई हळू नाही हो." त्या पडद्यात डोकावल्या. "आणि यात मला अक्षरं कमी आणि माझाच चेहरा जास्त दिसतोय. माझी खिडकी पाठीमागे आहे. दिवसभर स्वतःचं तोंड बघत काय टाइप करू?"

मग काळ्याची पाळी आली. तो खचला नाही. पडदा मंद होता, अक्षर ठळक. कळा बोटाला उत्तर देत होत्या. विक्रेत्याने सांगितलं, यावर पेलाभर पाणी सांडलं तरी खालून निथळून जातं. मावशींनी त्याच्याकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं.

"आई, याचं वजन बघ. आणि हा ऑफिसच्या लोकांचा आहे," मुलगा म्हणाला.

"मग मी कोण?"

यावर तो मोबाइल बघू लागला.

आता एकच परीक्षा उरली. मावशींनी उघडा लॅपटॉप पडद्याच्या कोपऱ्याला एका हाताने धरून उचलला, आणि शेजारच्या कपाटावर ठेवायला निघाल्या. विक्रेता दोन ढांगांत आडवा आला.

"काकू, असं नाही उचलायचं."

"मी असाच उचलते. दुसऱ्या हातात कागद असतात."

"रोज?"

"दिवसातून तीनदा. न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. ताटं मांडायची वेळ झाली की टेबल रिकामं करावं लागतं."

त्याने मनात हिशेब केला असावा. वर्षाला हजारावर वेळा, पडद्याला धरून. तो लॅपटॉप जागेवर ठेवत शांतपणे म्हणाला, "मग हाही मोडेल. थोडा उशिरा मोडेल इतकंच. आणि बिजागरी अशी मोडली तर वॉरंटीत बसत नाही. घरगुतीच्याही नाही, ऑफिसच्याही नाही. खरं सांगू? हे ऑफिसमध्ये टिकतात, कारण तिथे यांना कोणी उठवत नाही."

मावशी खुर्चीवर बसल्या. सकाळपासूनची तुलना, पडदे, कळा, वजन, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं. तीन लॅपटॉप मोडले तेव्हा घरात प्रत्येक वेळी एकच निकाल लागला होता: आईचा हात जड आहे. त्यांनीही तो मान्य केला होता. आणि इतकी वर्षं दिवसातून तीनदा "आई, उचल बरं" म्हणणाऱ्यांचा हात कुणी तपासला नव्हता.

"काळा द्या," त्या म्हणाल्या.

"पण तो आत्ताच म्हणाला ना, की हाही..."

"मी ऐकलं तो काय म्हणाला ते. तूही ऐकायला हवं होतंस."

दुरुस्तीच्या फॉर्मवर ऑफिसचा पत्ता विचारला होता. मुलगा म्हणाला, माझ्या ऑफिसचा टाकू. मावशींनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि घराचा पत्ता लिहिला, खाली कंसात 'स्वयंपाकघरालगत'. दुरुस्तीवाल्याने चुकून मुलाच्या खोलीत शिरायला नको.

घरी येऊन त्यांनी काळ्याला टेबलाच्या मधोमध मांडलं, डावीकडे वकीलसाहेबांचे कागद, आणि खटखट सुरू झाली. दीडच्या सुमाराला सूनबाई ताटं घेऊन आल्या.

"आई, उचलता का जरा? जेवायचंय."

खटखट थांबली नाही.

"आई," मुलगा म्हणाला, "पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"पाच मिनिटांनीच तीन मोडले." त्यांनी पान संपवलं, पुढचं उघडलं. "पलंगावर बसा, खिडकीत बसा, ओट्याशी उभे राहा. हे उठणार नाही."

मुलगा ताट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसला. वाटी कलंडली. पँट पुसत तो कुरकुरला, "आणि हे किती दिवस चालायचं?"

मावशींनी मान वर न करता सांगितलं, "तीन वर्षं. तेवढी वॉरंटी आहे."