तळघरातली दोन पोरं

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाट मुलखातल्या आमच्या गावात लोर्ना डेमचुकचं घर कुणालाही विचारा. "पोरांची मा ना?" म्हणेल आणि पाण्याच्या टाकीकडे हात दाखवेल. तिला पोटचं पोर एकही नाही. पण बर्फावरची हॉकी खेळायची म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी आईबापाचं घर सोडणारी पोरं आमच्याकडे ढिगानं असतात. क्लब त्यांना गावातल्या घरांमधून वाटून देतो, आणि लोर्नाच्या तळघरातल्या दोन खाटा कुठल्याच हिवाळ्यात रिकाम्या राहिल्या नाहीत. पोरं सख्ख्या आईला मॉम म्हणत आणि हिला मा.

मा शाळेची बस चालवते. आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोर उभं राहिलं तर आरशात न बघता ओरडते, आणि तेवढ्यानं नाही बसलं तर भर बर्फात गाडी बाजूला घेऊन थांबते. घरातही तोच कारभार. बूट दारात, ताट मोरीत, आणि सामन्याच्या दुपारी पोरं झोपली की तिच्या नवऱ्यानं, मर्वनं, खोकायचं नाही. "माझ्या लग्नातसुद्धा मला एवढा मान नव्हता," असं मर्व म्हणायचा आणि खोकायला अंगणात जायचा.

एक नियम मात्र तिनं पोरांसाठी केला होता. तळघरातलं तळघरात. घरची आठवण येऊन कुणी रडलं, कुणाचं प्रेम मोडलं, कुणाला कोचनं बाकावर बसवून ठेवलं, तर ते तिला सांगायचं आणि ते वर जाणार नाही. नियम चांगलाच होता. तिलाही अभिमान होता त्याचा.

एका वर्षी क्लबनं तिच्याकडे एमेट प्रुडेन आणि वेड ऑस्ट्रँडर अशी जोडी पाठवली. एमेट उत्तरेकडच्या तळ्याकाठचा, काडीसारखा, तोंडानं अखंड बडबड्या; बर्फावर त्याला धरणं म्हणजे ओल्या हातानं साबण धरणं. वेड गुरं पाळणाऱ्या घरातला, दरवाज्याएवढा आणि लाजाळू. जेवणात दुसऱ्यांदा काही हवं असलं तर मागायचा नाही, नुसता पातेल्याकडे बघत बसायचा. लोर्ना न बोलता त्याच्या ताटात बटाटा भरलेल्या पिरोग्या ओतायची.

हाच वेड बर्फावर उतरला की वेगळा व्हायचा. कोच सांगायचा, "गेलास तर पूर्ण जा. अर्धी धडक देऊन येणारा मला नको." वेड आज्ञाधारक. तो पूर्ण जायचा. समोरचा पोरगा मैदानाभोवतीच्या फळीवर आपटला की आमचं अख्खं गाव उठून उभं राहायचं आणि गाईच्या गळ्यातल्या घंटा बडवायचं. खोटं कशाला बोला, सगळ्यांत मोठी घंटा लोर्नाचीच असायची.

घरात बोरिस नावाचा म्हातारा कुत्रा होता. तो एमेटच्या खाटेवर झोपायचा. संघ बाहेरगावी गेला की एमेट फोन करायचा, "मा, बोरिसच्या कानाला लाव ना." लोर्ना फोन कुत्र्याच्या कानाला धरायची, तिकडून शीळ यायची आणि बोरिस शेपटीनं फरशी झाडायचा. बोरिस मेला तेव्हा ऐन थंडी होती, जमीन दगडासारखी. एमेटनं मागच्या अंगणात निखारे पसरून माती मऊ केली आणि पहारीनं दिवसभर खणत बसला. वेडनं बोरिसला उचलून आणलं. दोघंही त्या दिवशी सरावाला गेले नाहीत आणि लोर्नानं कोचला फोनवर सपशेल थाप मारली.

पुढे दोघं व्यावसायिक झाले. अगदी वरच्या लीगमध्ये नाही, तिच्या एक पायरी खाली, वेगवेगळ्या संघांत. तिथली पोरं सगळी मान वर करून वरच्या पायरीकडे बघत जगतात. उन्हाळ्यात मात्र दोघं न चुकता माच्या घरी येत.

गेल्या खेपेला आले तेव्हा जेवताना परीक्षेचा विषय निघाला. मोसमाआधी, सप्टेंबरात, प्रत्येक खेळाडूला संगणकापुढे बसवतात. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, रंग दिसला की बटण दाबा. हे झालं धडधाकट डोक्याचं माप. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि दोन्ही मापं ताडून बघायची. दुसरं कमी भरलं तर खेळणं बंद.

"मी मुद्दाम ठोंब्यासारखा बसतो," एमेट म्हणाला. "रंग दिसला की मनात एक गाणं म्हणतो, मग बटण दाबतो. परीक्षा घेणाऱ्या एकानं तर विचारलं, शाळेत गेला होतास का?"

"खरं ते सांगायचंस, नाही म्हणून," मर्व म्हणाला.

"तूही करतोस हे?" लोर्नानं वेडला विचारलं.

वेडनं पातेल्याकडे बघितलं. "सगळेच करतात, मा. नाहीतर जरा कुठं डोकं दुखलं की महिनाभर अंधाऱ्या खोलीत बसवतात. तोवर जागा गेलेली असते."

"वांड आहात मेल्यांनो," लोर्ना म्हणाली आणि हसली. पोरं हुशार निघाली असंच तिला वाटलं. आमच्या गावात कुणालाही तसंच वाटलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी त्या दोघांचे संघ समोरासमोर आले. लोर्ना आणि मर्व टीव्हीपुढे बसले होते. "दोघंही तुझेच," मर्व म्हणाला, "आता ओरडणार कुणाच्या बाजूनं?" शेवटच्या सत्रात एमेटच्या पायांत चकती, म्हणजे या हॉकीतला चेंडू, अडकली. ती सोडवायला त्यानं मान खाली घातली आणि तशीच मान घालून मैदानाच्या मधोमध आला. पलीकडून वेड येत होता. तो पूर्ण आला.

खांदा सरळ जबड्यावर बसला. हेल्मेट उडालं. एमेट पडला तो हात न टेकता पडला आणि त्याचा एक हात कोपरात वाकून हवेत तसाच राहिला. वेडला आधी कळलंच नाही कोण आहे ते. कळलं तेव्हा तो गुडघ्यावर बसायला लागला, तोवर एमेटच्या संघातल्या तिघांनी त्याला खाली घेऊन बुकलायला सुरुवात केली होती. वेडनं हातसुद्धा वर केला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर?

संध्याकाळी वेडचा फोन आला.

"मा, मी त्याला बघितलंच नाही. म्हणजे जर्सी बघितली, तो नाही दिसला."

"माहितीये रे."

"मंगळवारी लीगपुढे सुनावणी आहे. माझी ही तिसरी वेळ. त्याला लागलं असेल तर मोसमभर बसवतील, आणि संघ मला घरी पाठवेल. त्याचा फोन आला का तुला?" मग थोडं थांबून म्हणाला, "मी हे माझ्यासाठी विचारत नाहीये. म्हणजे, विचारतोय. पण त्याच्यासाठीपण विचारतोय."

दुसऱ्या दिवशी बस लावून ती घरी पोचते तोच एमेटचा फोन.

"मा, झालो पास! सप्टेंबरपेक्षा जास्त मार्क पडले. मार खाऊन हुशार झालो बघ."

लोर्नानं विचारलं, "डोकं दुखतंय का?"

"थोडं. बुधवारी खेळतोय. वरच्या संघाचा माणूस येणार आहे बघायला." तो उत्साहात बोलत होता, पण शब्दांच्या मध्ये जरा जास्तच थांबत होता. मग म्हणाला, "बोरिस कसा आहे? थंडीत त्याचे सांधे दुखतात, त्याला बाहेर फार ठेवू नकोस."

"एमेट," ती म्हणाली, "बोरिसला तू पुरलंस."

"हो गं, माहितीये. गंमत केली."

एमेट कशाचीही गंमत करेल, पण बोरिसची करणार नाही. "बाळा, बुधवारी खेळू नकोस," ती म्हणाली. "ती परीक्षा खोटी आहे, तुला माहितीये ती खोटी आहे."

"मी बसलो तर माझ्या जागेवर उद्या दुसरा उभा असेल, मा. मागे रांग आहे." त्याचा आवाज चढला, तिच्याशी बोलताना पहिल्यांदाच. "आणि तू कुणाकडे बोलणार नाहीस. तळघरातलं तळघरात. नियम तुझाच आहे."

लोर्नानं आपला नियम तासाभरात मोडला. एमेटच्या संघाच्या वैद्यकीय माणसाचा नंबर शोधून फोन लावला.

"आपण त्याच्या कोण?" त्यानं विचारलं.

"मा."

"म्हणजे आई?"

थाप मारता आली असती. कुत्र्यासाठी कोचला मारली होती. पण या प्रश्नावर तिची जीभ अडली. "तो माझ्याकडे राहायचा," ती म्हणाली.

"मग मला त्याच्याबद्दल आपल्याशी बोलता येणार नाही."

"तुम्ही बोलू नका. मी बोलते, तुम्ही ऐका." तिनं सगळं सांगितलं, गाणं म्हणून बटण दाबण्याचं, कुत्र्याचं, सगळं. माणूस सभ्य होता, त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, नोंद घेतो, पण निकाल चांगला आहे आणि खेळाडू स्वतः त्रास नाही म्हणतोय. त्याला डांबून कसं ठेवणार?

मग तिनं एमेटच्या सख्ख्या आईला फोन केला. इव्हेट मासळीच्या कारखान्यात कामाला असते. "मला तर तो बरा आहे म्हणाला," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "लोर्ना, सोळाव्या वर्षी तुझ्या हातात दिला. तेव्हापासून तो मला तुझ्याकडूनच कळतो. तुझं ऐकत नाही, तर माझं काय ऐकणार?"

राहिला वेड. मंगळवारी सुनावणीच्या आधी त्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "वेड, तिथं मोठी माणसं असतील. त्यांना सांग परीक्षेचं. तुझं ऐकतील."

"मी सांगितलं की एमेट लबाडी करतो," वेड म्हणाला, "तर त्याचं डोकंपण मीच फोडलं आणि पोटावर पायपण मीच दिला. पुढे कुठल्याच संघाची कपडे बदलायची खोली आम्हा दोघांना आत घेणार नाही. चुगली करणाऱ्याच्या शेजारी कुणी बूट बांधत नाही, मा."

"आणि तुझी बंदीपण वाढेल."

"हो," तो म्हणाला. "तेपण आहे." आणि रडायला लागला. एवढं दरवाज्याएवढं पोर हुंदके देत होतं. ती रिकाम्या बसमध्ये बसली होती, बाहेर वारा बर्फ उडवत होता, आणि लोर्नाला त्याला रागवावंसं वाटलं, कुशीतही घ्यावंसं वाटलं. दोन्हीही फोनवरून जमण्यासारखं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. "जा, सुनावणीला उशीर होईल," एवढंच ती बोलली.

निकालाची चित्रफीत दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आली. लीगचा एक टायवाला माणूस संथ आवाजात ती धडक पुढेमागे करून दाखवत होता. इथं बघा, खांदा. इथं बघा, डोकं. ही धडक टाळता आली असती. या खेळाडूला याआधीही शिक्षा झालेली आहे. मात्र समोरच्या खेळाडूला दुखापत झालेली नाही हेही आम्ही लक्षात घेतलं आहे. सबब, दोन सामने. त्या माणसात लोर्नाला खोट काढता येईना. त्याच्यापुढे जे ठेवलं होतं ते त्यानं नीट पाहिलं होतं.

"वाचलो, मा," असा वेडचा निरोप आला. आणि लगेच दुसरा, "तो खरंच बरा आहे ना?" तिनं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं.

बुधवारी सामना बघायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. सामना सुरू झाला तेव्हा ती टीव्हीसमोरच होती. एमेट फळीजवळ गेला की ती मर्वचा दंड धरायची. आपल्या बसमध्ये एवढंसं पोर उभं राहिलं तर आपण गाडी थांबवतो, आणि इथं थांबवायला आपल्या पायाखाली काहीच नाही, हे तिच्या मनातून जाईना. दुसऱ्या सत्रात एमेटनं दोघांना चकवून गोल केला. अंगाला कुणाचा हात लागला नाही. साबणासारखाच निसटला. लोक उभे राहिले, घंटा वाजल्या. मर्व म्हणाला, "बघ, उगाच जीव टांगणीला लावून घेतलास." लोर्नालाही क्षणभर तसंच वाटलं. वाटू दिलं तिनं.

सामना संपल्यावर फोन वाजला.

"मा, बघितलंस?"

"बघितलं रे. किती छान खेळलास."

"वरचा माणूस येऊन हात मिळवून गेला. सोमवारी बोलावलंय." मागे पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी त्याच्या नावानं ओरडत होतं. त्याचा आवाज इतका आनंदी होता की डोकं दुखतंय का हे विचारायचं तिनं टाळलं. मग तो म्हणाला, "बोरिस जागा आहे ना? त्याच्या कानाला लाव ना, मा."

लोर्नानं मर्वकडे बघितलं. मर्वला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. त्यानं मान खाली घातली.

"लावते," ती म्हणाली.

ती उठली, दाराशी गेली, गुडघे टेकून बसली आणि बोरिसची गोधडी असायची त्या जागी, फरशीपासून वीतभर वर, तिनं फोन धरला. फोनमधून शीळ आली. मर्वनं टीव्ही बंद केला. शीळ थांबेपर्यंत लोर्नानं हात हलवला नाही.