बाटली वेगळी, औषध तेच

बुलढाण्याजवळच्या धाड गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकण्यात तीस वर्षं गेली, आणि या तीस वर्षांत सगळ्यात जास्त मी काय दिलं असेल तर उपदेश. तो फुकट असल्यामुळे कोणी परत आणून दिला नाही, एवढंच.

उपदेश दोनच. पहिला झाकणाचा. आमच्याकडे औषध बाटलीच्या झाकणाने मोजतात. पाठीवरच्या एका पंपाला एक झाकण असं सांगितलं की शेतकरी मान डोलावतो आणि वावरात जाऊन दीड टाकतो. एका झाकणाने हाताचं समाधान होत नाही. मग कपाशीची पानं करपली की तोच माणूस औषध बोगस होतं म्हणून माझ्याशी भांडायला येतो. दुसरा उपदेश बाटलीचा. कीड एका औषधाला सरावते, म्हणून दर फवारणीला औषध बदलावं हे खरं आहे. पण लोक बदलतात ती बाटली. मागच्या खेपेला हिरवी नेली, आता निळी द्या. आतला घटक तोच. अशा वेळी माझा आवाज चढतो. "बाटली बदलली बे, औषध तेच. मागचं लेबल वाचत जाय," हे मी इतक्या वेळा म्हटलंय की शेजारचे वेल्डिंगवाले चाचा बाजाराच्या दिवशी माझ्याआधीच ते म्हणून मोकळे होतात.

हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचून कोणी माझी दया करणार नाही.

तीन वर्षांपूर्वी बायकोचे गुडघे धरले. खाली बसली की उठताना चुलीशेजारच्या भिंतीला हात लावायची. बुलढाण्याला हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं आणि ड जीवनसत्त्व कमी आहे म्हणाले. आठवड्याला एक कॅप्सूल, असे आठ आठवडे, मग पुन्हा दाखवायचं. उभा जन्म उन्हात काढलेल्या बाईला उन्हातलं जीवनसत्त्व कमी पडतं, हे ऐकून मला आधी डॉक्टरचाच राग आला. पण घरी येईपर्यंत राग गेला आणि एक वेगळाच हुरूप आला. पीक पिवळं पडलं, सूक्ष्म अन्नद्रव्य कमी आहे, अमुक टॉनिक मार, हे तर माझं रोजचं काम. बायकोचा आजार माझ्या खात्यातला निघाला होता.

मी कारभार हातात घेतला. ठरल्या वारी सकाळी उठून स्टीलच्या वाटीत कॅप्सूल, तांब्यात पाणी, आणि ती अंगणात तुळशीपाशी असेल तिथे नेऊन द्यायचं. आमच्या घरात असं काही पूर्वी झालेलं नव्हतं. पाण्याचा तांब्या मला तिनेच आणून द्यायचा, हा अडतीस वर्षांचा रिवाज. पहिल्या दिवशी तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून मुकाट्याने कॅप्सूल घेतली.

गुण आला. दोन महिन्यांत ती भिंतीला हात न लावता उठू लागली. इथे मी डॉक्टरकडे परत जायला हवं होतं. मी गेलो नाही. आठवड्याला एका कॅप्सूलने एवढा फरक, तर थोडं वाढवलं तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला. दीड झाकणवाल्यांना तीस वर्षं शिव्या घालणाऱ्या माणसाच्या डोक्यात.

माल जमायला वेळ लागला नाही. मुलगी पुण्याला असते, तिने हाडांसाठी चांगलं म्हणून एक डबा पाठवला. चिखलीहून मेहुणी आली. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. तिच्या डॉक्टरने दिलेल्या पुड्या तिला फार मानवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या तिने ताईसाठी आणल्या, जसा नव्या तुरीचा वानवळा आणावा तशा. औषधाच्या दुकानात जुन्या कंपनीची कॅप्सूल नव्हती, त्याने दुसऱ्या कंपनीची दिली. एवढं सगळं एकदम देऊ नये, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी फवारणीचं असतं तसं वेळापत्रक केलं. सोमवारी कॅप्सूल, मंगळवारी पुडी, बुधवारी मुलीच्या डब्यातली, गुरुवारी पुन्हा पहिल्यापासून. औषध बदलून बदलून दिलं की अंगाला सवय होत नाही. कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवला.

चार-सहा महिने असे गेले. मग ती पाणी फार प्यायला लागली. तांब्या भरला की रिकामा. भाकरी पुढ्यात तशीच राहायची, मळमळतं म्हणायची. पोट साफ होईना. एकदा वरणात दोनदा मीठ पडलं, आणि तिच्या हातून असं कधी होत नाही. मी म्हटलं, अशक्तपणा आहे. अशक्तपणावर काय करायचं हे मला ठाऊक होतंच. दारामागच्या कागदात एक ताकदीची गोळी वाढवली.

बाजाराचा दिवस होता. ती माझा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली आणि खताच्या गोण्यांवर टेकली. दुकानात गर्दी होती. थोड्या वेळाने मी तिला उठायला सांगितलं, तर ती माझ्याकडे पाहत राहिली. घरी जायचं ना, म्हटलं, तर कोणत्या घरी असं विचारलं. मी चाचांना हाक मारली. चाचांनी हातातलं वेल्डिंग टाकलं, शटर तसंच उघडं ठेवलं आणि आपल्या गाडीत आम्हाला बुलढाण्याला नेलं. रस्ताभर मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. पण ती गेली तर मी उरणार नाही, एवढं त्या रस्त्यावर मला स्वच्छ कळलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलीच्या वयाची. सलाईन लावलं, रक्त-लघवी तपासली. रक्तात कॅल्शियम फार वाढलंय आणि किडनीवर ताण आलाय, म्हणाली. मग विचारलं, घरात काय काय घेतात? चाचांनी घरी जाऊन सगळं आणलं, माझ्याच दुकानाच्या पिशवीत घालून. डॉक्टरणीने एकेक डबा, पुडी, पाकीट टेबलावर ओळीने मांडलं आणि उलटं करून मागचं बारीक अक्षर माझ्याकडे केलं.

"काका, नावं वेगळी आहेत. आत सगळ्यांत एकच आहे. आणि हे प्रत्येक आठवड्याला एकच घ्यायचं असतं."

चाचा माझ्या शेजारी उभे होते. बोलण्यासारखं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. पण त्यांनी ते गिळलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या त्या न बोलण्याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे निघून जातात. हे तसं नाही, हे अंगातल्या चरबीत साठतं, आणि गोळी बंद केली तरी लगेच जात नाही. म्हणजे युरिया वाहून जातो आणि काही औषधं वर्षभर मातीत बसतात, तसं. हे मीच लोकांना सांगतो. चष्मा माझ्या खिशात होता, डबे माझ्या हातात होते, वाचायची सवय तीस वर्षांची होती. आपल्या माणसाला काही द्यायची वेळ आली तेव्हा मी मागची बाजू पाहिलीच नाही.

चौथ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, इतके दिवस त्रास होत होता, मळमळत होतं, तर गोळ्या नकोत असं एकदाही का नाही म्हणालीस? ती म्हणाली, "अडतीस वर्षांत तुमी मले कधी काही हातात आणून देलं नोतं. गोळ्या नको म्हटल्या असत्या, तं ते आणून देणंही बंद झालं असतं."

मला रडू आलं. दवाखान्यात, बाकीच्या पेशंटांसमोर. लाज वाटली नाही.

म्हटलं, "मी आणून देतच राहीन. पण नको असलं तं नको म्हणत जाय. एवढं कर माह्यासाठी."

किडनी सावरायला पुढे बरेच महिने लागले. आता सगळं ठीक आहे. गुडघे अधूनमधून कुरकुरतात, ती त्यांना तेल लावते आणि डॉक्टरणीने लिहून दिलं तेवढंच घेते. दारामागचा कागद मी फाडणार होतो, पण तिने फाडू दिला नाही. मी दुकानात कोणावर आवाज चढवला की ती घरी शांतपणे "लोकां सांगे ब्रह्मज्ञान" एवढंच म्हणते. पुढचं म्हणत नाही, ते त्या कागदावर आहेच. चाचांनीही बाटलीचं ते वाक्य परत सुरू केलंय, फक्त आता ते म्हणताना आधी माझ्याकडे बघतात.

सकाळी वाटीऐवजी मी चहा नेतो. साठी उलटल्यावर चहा शिकणं सोपं नाही. पहिले कितीतरी दिवस ती न बोलता कप रिकामा करायची, आणि मला त्या रिकाम्या कपाची भीती वाटायची. आवडला म्हणून घेतला, की मी आणला म्हणून घेतला, हे कसं कळणार?

परवा तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अद्रक किती टाकलं हो? नाही घेणार मी हा." कप सरळ माझ्या हातात दिला आणि तुळशीला पाणी घालायला गेली.

मी तिथेच पायरीवर बसून तो चहा प्यायलो. खरंच फार तिखट झाला होता.