बिबट्याची मादी रिसोडच्या बाजारात

दोन वर्षं मी बिबट्याच्या एका मादीच्या मागावर होते. तिच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात यंत्र, आणि ती कुठे फिरते ते माझ्या लॅपटॉपवर ठिपक्यांनी उमटायचं. रानात मादी कुठे विते, पिल्लं कशी जगवते, हा माझा अभ्यास. पण बया एकदाही व्यायली नव्हती आणि माझा प्रबंध अडला होता.

मग ठिपके शिरपूरजवळच्या एका मळ्यात, गोठ्यामागच्या नाल्याच्या आसपास रोज परतायला लागले. बाळंतीण! मी आनंदाने रडले. फक्त ती दिवसा फिरायची आणि रात्री मुक्कामी असायची, हे जरा उलटंच होतं. माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "हा तर नवा शोध!" मी लगेच दहा पानं लिहून मोकळी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मळा वांगी पिकवणाऱ्या एका काकूंचा. तंबूला जागा त्यांनीच दिली. त्यांना मी तंबी दिली, की नाल्याकडे फिरकायचं नाही आणि बिबट्याचं नाव काढायचं नाही, नाहीतर आई पिल्लं टाकून जाईल. मी स्वतःही गोठ्याकडे पाऊल टाकत नव्हते. काकूंनी तोंड उघडलं की मी ओठांवर बोट ठेवायची. त्या मुकाट वांगी तोडायला जायच्या.

महिनाभराने, बाजाराच्या दिवशी, ठिपके एसटीच्या रस्त्याने, एसटीच्याच वेगाने रिसोडला पोचले. कुणीतरी तिला मारलं होतं, कातडं विकायला नेलं होतं, पिल्लं मागे उपाशी होती. जीप धरून गेले. पट्ट्याचा सिग्नल पकडणारा अँटेना उंच धरून बकऱ्यांच्या बाजारात शिरले.

"हे टीव्हीची काडी घेऊन कुठी चालली वं बाई?" एकाने विचारलं.

टिकटिक वाढत गेली आणि एका बकरीपाशी कान किटले. तिच्या गळ्यात सुतळीने बांधलेला माझा पट्टा, पायाशी दोन करडं. दोरी काकूंच्या हातात.

"बांधावर तुटून पडला होता," काकू म्हणाल्या. "त्याले बिबट्याचा वास येते. मंग दुसरा बिबट बकरीजोळ येत नाही."

म्हणजे माझी दहा पानं बकरीच्या बाळंतपणावर होती. पण मला रडू आलं ते त्याचं नव्हतं.

"काकू, ती आता कुठे आहे, जिवंत आहे का, कुणालाच माहीत नाही."

"काहून माहीत नाही? तुह्या तंबूमागच्या तुरीत हाय. तीन पिल्लं हायेत. वांगे तोडताना रोज दिसते."

"मग मला सांगितलं का नाही?"

काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.