डायवर कुठल्या गावचा?

स्टोअरकीपर नाना कुणालाही कशाचाही शेवटचा नग देत नसत. बेअरिंग मागायला गेलं की चष्म्यावरून पाहत, "एकच हाय" म्हणत आणि कपाटाला कुलूप लावत. मंचरजवळच्या आमच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत त्यामुळे सगळं असे आणि काहीच मिळत नसे.

अशा मागासलेल्या माणसाला सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागली तेव्हा याच नानांनी मला दोन महिने आपल्या खोलीवर जेवूखाऊ घातलं होतं. साहेब पुण्याहून दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले ते साक्षात्कार होऊनच. साठा म्हणजे पाप. माल लागेल त्याच दिवशी, लागेल तेवढाच, टेम्पोतून थेट लाइनवर. स्टोअर रिकामं झालं की स्टोअरकीपरही नको, ही बचत त्यांनी फळ्यावर वेगळी लिहिली. नाना समोरच बसले होते.

मी टेम्पोचं रंगीत वेळापत्रक केलं. नानांनी ते आदराने दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "भाऊ, डायवर कुठल्या गावचा हाय?"

वेळापत्रकात तो रकाना नव्हता.

चैत्रात एका सकाळी बेअरिंगचा टेम्पो आला नाही. ड्रायव्हर डिंगोऱ्याचा, गावची यात्रा, आणि चुलत्याचा बैलगाडा शर्यतीत. अशा दिवशी तो भोसरीहून बेअरिंग आणेल, असं अख्ख्या तालुक्यात फक्त आम्हा शिकलेल्यांना वाटलं होतं. लाइन बंद पडली. साहेबांनी नानांना बोलावलं.

"यात्रांच्या आधी आमी पंधरा दिसांचा माल भरून ठेवायचो, सायेब," नाना म्हणाले. "आता स्टोअर लई स्वच्छ हाय."

साहेब चुकीतून शिकणारे. जुन्नर-आंबेगावातल्या सगळ्या यात्रांचा तक्ता करायचा हुकूम मला झाला. नाना दोन दिवस सांगत होते: कोणत्या गावची यात्रा कोणत्या तिथीला, कोणता ड्रायव्हर कुठल्या गावचा जावई. तक्ता पुरा झाला की नानांची गरज संपणार, हे दोघांनाही कळत होतं. मी मध्येच पेन खाली ठेवलं.

"लिव की," ते म्हणाले. "न्हाई लिवलं तर तुजी नोकरी जाईल. माजी तर फळ्यावरच गेली."

खाली नाव कुणाचं घालू, असं मी विचारलं.

"तुजं घाल, राव. शिकलेल्याचं असलं की सायेब वाचत्यात."

मी घातलं. तक्ता काचेत बसवून केबिनमध्ये टांगला गेला. महिनाअखेरीस नानांच्या निरोपसमारंभात साहेबांनी माझ्या स्थानिक ज्ञानाचं तोंड भरून कौतुक केलं. पहिली टाळी नानांनीच वाजवली.