क्लिअर ऑफ

‘क्लिअर ऑफ,’ ताई हळू आवाजात म्हणाली. आणि मी हात जोडून हसले. ‘हो ताई,’ म्हटलं.

कात्रपच्या एका सोसायटीचं गेट. समोर माझी शेवळ्यांची पाटी. ही रानभाजी घशाला खाजते, म्हणून आम्ही जुडीबरोबर काकडाची आंबट फळं फुकट देतो. ती घातली की खाज मरते. आदल्या दिवशी या ताईने जुडी घेतली, काकडं परत पाटीत फेकली. ‘ही घाण नको.’ मी दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. तिच्या नवऱ्याचा घसा सुजला. त्या दिवशी खाली येऊन म्हणाली, ‘विष विकतेस?’ मी परत काकडाचं सांगायला लागले. तेव्हा ती ते इंग्रजी बोलली.

मला वाटलं, राग गेला. शिकलेली बाई, शिवी थोडीच देईल. मी नवी जुडी बांधली, वर मूठभर काकडं ठेवली, तिच्यापुढे धरली.

गेटवरच्या बायका फिसकन हसल्या. एकीने मोबाइल काढला. वॉचमनने माझी पाटी उचलून रस्त्यापलीकडे ठेवली. ही बिल्डिंग नव्हती, इथे भातशेत होतं, तेव्हापासून मी गेटच्या या वळणावर बसते.

घरी नातीला विचारलं. ती सातवीला आहे.

‘चालती हो, असं असतं ते, आज्जे.’

‘कुणाला म्हणतात?’

‘नको असलेल्या माणसाला. कुत्र्यालापण.’

‘म्हाताऱ्या माणसाला?’

तिने वही मिटली. मग म्हणाली, ‘आमच्या बाई म्हणतात, मोठ्यांना असं बोलायचं नाही.’

मी त्या बोलण्याला हात जोडले होते. वर भाजी दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन बसले. ताई आली.

‘काल सांगितलं ना तुला?’

‘सांगितलंस. आता मराठीत सांग. या सगळ्यांच्या देखत.’

तिने वॉचमनकडे बघितलं.

‘अम्मा, उठो ना. मेरी नौकरी जाएगी,’ तो म्हणाला आणि पाटी उचलली. त्याच्याशी झोंबायचं बळ माझ्यात नाही. जागा गेली ती गेलीच.

तरी मी रोज जाते. तो रोज पाटी उचलतो. मी आपणहून उठत नाही. जिला मला हाकलायचंय, तिने मला कळेल असं तोंडाने सांगावं.

मी बारवीकडच्या वाडीत राहते. चौथी शिकले. सत्तरी उलटली. हे माझ्यावर गुदरलंय.