पॅकिंगमधल्या कडूअक्का

कडूअक्कांना पदबिद काही नव्हतं, पण त्या "थांबा" म्हणाल्या की मशीनचा पट्टा थांबायचा. बदनापूरजवळच्या आमच्या बियाण्यांच्या कारखान्यात त्या माझ्याशेजारी पुड्या भरायच्या. मशीनचा आवाज जरा बदलला, की त्या ओरडायच्या, "थांबा गं, कायतरी जळून राह्यलंय!"

ही हिंमत पूर्वी नव्हती. एकदा सुपरवायझर लोकांच्या नेतृत्व प्रशिक्षणात एक जागा रिकामी राहिली, म्हणून त्यांना जालन्याला पाठवलं. परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. डबा खाताना म्हणाल्या, "मला वाटायचं, साहेब न्हाई तर आपण काय करणार? तिथल्या बाई म्हणल्या, ज्याला पहिले दिसलं त्यानंच पहिले बोलायचं. बराबर हाय का न्हाई?"

मग त्यांनी एकच धोशा लावला, हे सगळ्या बायांना शिकवा. सुपरवायझर साहेब हसले. "मावशी, पुड्या भरायला कशाला लीडर लागतो?"

"साहेब, मी न्हाई आले एखाद्या दिवशी, मंग?"

जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतःच सांगू लागल्या. बाया ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही हायेत ना, अक्का."

मागच्या हिवाळ्यात काम करता करता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्या पोत्यांवर कलंडल्या. साहेब मीटिंगला जालन्यात, फोन लागेना. कंपनीची गाडी फाटकाशीच उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी सांगितल्याशिवाय कशी काढू?" वॉचमन म्हणाला, "गाडीच्या गेटपासवर सही कोण करणार?" बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते, त्यांना सगळं दिसत होतं. पट्टा चालूच होता. पुड्या खाली पडत होत्या.

साहेब आले, तेव्हा गाडी हलली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं.

आता अक्का जालन्यात, मस्तगडला लेकीकडे असतात. आधाराशिवाय उठता येत नाही. परवा मी भेटायला गेले, तर त्यांनी अडखळत विचारलं, "बायांना... शिकायला... पाठवलं का?"

"न्हाई अक्का. यंदाबी सुपरवायझरच गेले."

"तू... बोल ना साहेबाला."

"बोलले मी. दोनदा बोलले."

"मंग?"

"बघू म्हणले."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. लेकीनं चहा आणला. मी तो बशीत ओतून, निववून अक्कांना पाजला.