जाऊबाईंनी सांगितलेले शेवट

धाकटीचा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी तिला दोन महिने दुकानाची पायरी चढायला मनाई केली. दुकान कपडे दुरुस्तीचं. चेन बदलायची, बाह्या आखूड करायच्या, पोट सुटलेल्यांच्या पँटी कमरेत सैल करून द्यायच्या. हाताला स्वस्थ बसणं माहीत नाही, म्हणून तिने घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. ती पडद्यांकडे बघायला लागली तेव्हा नातीने हात टेकले. बैठकीतला मोठा टीव्ही तिने आजीच्या पलंगासमोर आणून ठेवला आणि कुठला सिनेमा लावू म्हणून विचारलं.

"मी अर्धे पाहिलेत ते सगळे," धाकटी म्हणाली.

नातीला वाटलं, आजी मधेच झोपत असणार. पण ती गोष्ट निराळी होती. तेव्हा सासरच्या घरात दोन सुना होत्या, थोरली आणि ही धाकटी. थोरली पहाटेपासून बेकरीत राबायची, धाकटी घरकाम आणि पोर सांभाळायची. आठवड्यातून एकदा दुपारच्या खेळाला दोघी जायच्याच, मग घरात कुणी कितीही नाक मुरडो. पण धाकटीच्या कडेवरचं पोर, म्हणजे या नातीचा बाप, मध्यंतरापर्यंत गुमान बसायचं आणि पुन्हा अंधार झाला की असं भोकाड पसरायचं की पुढच्या रांगा मागे वळून बघायच्या. धाकटी मुकाट उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. जाड दारातून गाणी ऐकू यायची, बंदुका ऐकू यायच्या, पण बोलणं कळायचं नाही.

खेळ सुटला की थोरली घरी जाता जाता उरलेला सिनेमा सांगायची. तेही आवाज बदलून, हातवारे करून. तलवारबाजीच्या सिनेमानंतर तर तिने छत्री अशी परजली की समोरचा सायकलवाला थेट गटाराच्या कडेला गेला. धाकटीला आपलं काही बुडालं असं कधी वाटलंच नाही.

तर नातीने जुने सिनेमे शोधून काढले. पहिला विनोदी होता, जुळ्या भावांच्या घोटाळ्याचा. शेवट थोरलीने सांगितला होता तसाच निघाला. धाकटी पोट धरून हसली आणि मग गुडघ्याचे टाके दुखतात म्हणून कण्हली.

दुसरा युद्धाचा. थोरलीच्या सांगण्याप्रमाणे शिपाई सुट्टीवर घरी येतो आणि आल्या आल्या आईचं गळकं छप्पर दुरुस्त करतो. टीव्हीवरचा शिपाई चिखलात पडला तो उठलाच नाही. नावं वर सरकून संपली तरी धाकटी त्याची वाट बघत होती. नात म्हणाली, आजी, तो गेला. आजी म्हणाली, असं कसं, त्याने छप्पर शाकारलं होतं.

मग रहस्यपट. थोरलीने प्रत्येक रहस्यपटात घरमालकालाच खुनी ठरवलं होतं, कारण तेव्हा त्यांचा स्वतःचा घरमालक महाखट होता. यात खरी खुनी निघाली संगीत शिकवणारी बाई. भुताच्या सिनेमात, थोरली सांगायची, भूत वगैरे काही नसतं, चादर पांघरलेला काका असतो. इथे भूत चांगलं खरंखुरं होतं, आणि काकाच त्याच्या तावडीत सापडला होता.

इथवर धाकटीला मजाच वाटत होती. थोरलीला कसं कसं चिडवायचं हे ती मनात जुळवत होती. मग नातीने एक कौटुंबिक सिनेमा लावला.

हा सिनेमा ती कधीच विसरली नव्हती. थोरलीने सांगितलं होतं की नवरा संशय घेतो तेव्हा नायिका उंबरठा ओलांडते, भाड्याच्या खोलीत शिवणयंत्र मांडते, आणि शेवटी नवराच हात जोडून तिच्या दारात येतो. ते ऐकल्यावर वर्षाच्या आत धाकटीने दुकान घातलं होतं. आपल्या घरची बाई लोकांच्या पँटी शिवणार नाही, असं नवरा म्हणाला होता. ती त्याला म्हणाली होती, लोक सिनेमात करतात, मला का जमू नये?

टीव्हीवरच्या नायिकेने उंबरठा ओलांडलाच नाही. न केलेल्या चुकीची माफी मागत तिने नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्याने मोठ्या मनाने तिला उठवलं, आणि सिनेमा संपला. शिवणयंत्र अख्ख्या सिनेमात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने काठी घेतली आणि नातीच्या आधाराने दोन गल्ल्या पलीकडे लेकाकडे राहणाऱ्या थोरलीला गाठलं. थोरली गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. धाकटीने सगळे गुन्हे एकेक करून वाचले. शिपाई, घरमालक, काका. थोरली न लाजता ऐकत राहिली, मधे मधे हसलीसुद्धा.

"आणि शिवणयंत्र?" धाकटीने विचारलं. "जाऊबाई, ते यंत्र तुम्ही कुठून आणलंत?"

थोरलीने हातातली शेंग परातीत टाकली.

"तो शेवट बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता," ती म्हणाली. "तशीच बाहेर आले, तर तू बाकावर बसून पोराची उसवलेली बाही शिवत होतीस. टाका काय सुरेख होता. म्हटलं, हिला ते पाया पडणं सांगायचं नाही. मग जे समोर दिसलं ते जोडून दिलं."

"आणि मी खरं मानून दुकान घातलं!"

"मग काय बिघडलं? चाललं ना?"

धाकटीला रागवायचं होतं, पण हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने काठी भिंतीला टेकवली आणि शेंगांची परात आपल्याकडे ओढली. नातीने विचारलं की आता कुठला सिनेमा बघायचा. थोरलीला तलवारींचा हवा होता, धाकटीला खुनाचा. वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालला आणि थोरलीने तो जिंकला.